चिमणीचा बाद ठसा

दि. ९ मार्च, सोमवार

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस आणि मलाही ते सोयीचं पडतं, म्हणून लिहायला बसलो. गुडघा आहे तसाच आहे. वरच्या मजल्यावर फरशा बदलतायत, दिवसभर ठोकाठोक. टांकसाळीचा यंदाचा खास संच परवा टपालानं आला. मखमली डबी, आत सात नाणी, एकावरही बोटाचा डाग नाही. तुझी वहिनी म्हणाली, "आले का तुमचे जावई? आता आठवडाभर घरात कुणी शिंकायचं नाही."

गेल्या आठवड्यात तुझ्या लेकीचा फोन आला होता. तू दूध गॅसवर ठेवून बाहेर गेलीस आणि पातेलं जळलं म्हणे. पातेली मीही जाळतो, पण माझ्या घराच्या किल्ल्या कुणी मागत नाही. ती म्हणाली, "मामा, आईला आता एकटीला ठेवायचं नाही. घर बंद करून तिला इकडे आणतो. ती तर पहिल्यापासूनच विसराळू. आजोबांचा ठसासुद्धा तिनंच हरवला होता ना?"

मी म्हटलं, "हं."

त्या "हं"नंतर मला अन्न गोड लागलेलं नाही.

तुला तो ठसा आठवतोच. तू जन्मलीस त्या वर्षीचं चिमणीचं नाणं टांकसाळीत बाबांच्या यंत्रावर पडायचं, आणि तुझं नाव पडलं तेही त्यावरूनच. पुढे टांकसाळीनं जुने ठसे बाद करून विकायला काढले, तेव्हा बाबांनी तो घेतला. पुन्हा नाणं पाडता येऊ नये म्हणून ठशाच्या तोंडावर आडव्यातिडव्या रेघा कोरून काढतात. बाबांनी रेघा मारणाऱ्या कारागिराला गळ घातली, "रेघा हव्या तेवढ्या मार, चिमणी तेवढी सोड. पोरीला द्यायचाय." त्यानं एक रेघ फांदीवरून नेली, एक अक्षरांवरून. तू तो ठसा कपड्यांच्या साबणावर दाबून चिमण्या उमटवायचीस आणि आई ओरडायची.

इथवर लिहून मी दोनदा उठलो. एकदा पाणी प्यायला, एकदा उगाच.

चिमे, तो ठसा हरवला नव्हता. लग्नाआधी तू तो बाबांच्या मफलरीत गुंडाळून आईच्या कपाटात खालच्या खणात ठेवलास, तिथेच होता. तिथून मी काढला. संग्राहकांचा मेळावा होता. माझ्याकडे चिमणीच्या वर्षाचा संच होता. नाणं आणि ते पाडणारा ठसा शेजारी शेजारी मांडावेत, एवढीच हौस. दोन दिवसांत परत ठेवू म्हटलं. मेळाव्यात लोकांनी ठसा हातात घेऊन अशी वाहवा केली की मी हवेतच घरी आलो.

आणि दुसऱ्या दिवशी तू तो न्यायला आलीस.

आईनं सगळं कपाट उपसलं. मी चहाचा कप घेऊन दारात उभा होतो. "अगं, माझ्याकडे आहे," एवढं म्हणायचं होतं. धीर होईना. आई म्हणाली, "हिच्या हाती काही टिकेल तर शपथ." तू रडवेली होऊन म्हणालीस, "मीच कुठेतरी ठेवला असेन." मग मीही शोधू लागलो, चिमे. पलंगाखाली वाकून बघितलं.

एकतीस वर्षं तो माझ्या खणात संचांच्या खाली आहे. कुणाला दाखवायची सोय नाही. तू मात्र तेव्हापासून काहीही सापडेना झालं की स्वतःलाच बोल लावतेस, आणि मी ऐकून घेतो. आई शेवटच्या आजारपणात मला म्हणाली होती, "चिमीकडे लक्ष ठेव, तिच्या ध्यानात काही राहत नाही." तिला मी "हो" म्हटलं. आईला मी आता पत्र लिहू शकत नाही. मला याची फार लाज वाटते.

सोबतच्या पार्सलात ठसा आहे. मफलरही तीच. वहिनीला सगळं सांगितलंय. ती कालपासून माझ्याशी बोलत नाही, आणि तिचं बरोबर आहे.

पातेल्यासाठी डॉक्टरांना दाखवायचं तर जरूर दाखव. पण तिथे कुणी "पहिल्यापासूनच" म्हणालं, तर हे पत्र पुढे कर. त्याआधी लेक-जावयाला समोर बसवून मोठ्यानं वाच. माझी लाज राखू नकोस. आणि घराच्या किल्ल्या इतक्यात हातातून सोडू नकोस.

तू जे ठेवलंस, ते ठेवलंस तिथेच होतं.

ते उचलणारा,
तुझा दादा