अंगणातली हरळी किती कापावी

मी, राहीबाई भ्रतार कै. हरिबा फाळके, वय अदमासे सत्तर, धंदा शेती, राहणार मौजे पिंपळवाडी, तालुका कोरेगाव, जिल्हा सातारा, आज पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र सांगत आहे व शाळेचे धन्यकुमार मास्तर ते लिहून घेत आहेत. मला अक्षर येत नाही. पण शेवटी सगळे वाचून घेणार आहे, हे मास्तरांनी ध्यानात ठेवावे. छातीत पाणी झाले आहे असे डॉक्टर म्हणतात. विहिरीत नाही आणि माझ्या छातीत आहे. तेव्हा उशीर करून उपयोग नाही.

मला दोन मुलगे. थोरला आकाराम शेती बघतो. धाकटा सयाजी पलटणीत होता, तो ब्रह्मदेशाच्या लढाईवरून गेल्या वर्षी चैत्रात परत आला.

कलम १. नवऱ्याची जमीन मुलांच्या नावे आहेच. माझे स्वतःचे म्हणजे हे राहते घर व पुढचे अंगण. ही जागा मला वडिलांनी चोळीबांगडीसाठी दिली, तीत भाऊबंदांचा काडीचा संबंध नाही. ती मी सयाजीस देत आहे.

कलम २. पुतळ्यांची माळ नात विजयमाला हिला, लग्नात घालण्यासाठी. तांब्याचा हंडा सून शालूबाई हिला. हंड्याला पोचा आहे. तो तिनेच पाडलेला असल्याने तिने तक्रार करू नये.

कलम ३. हे हरळीविषयी आहे व यासाठीच मास्तरांना बोलावले आहे.

सयाजी परत आला तो बोलेना. आषाढात त्याने बांधावरची हरळी आणून अंगणात लावली आणि मेंढरे कातरायची कातर घेऊन, गुडघे टेकून, एकसारखी कापू लागला. जिची मुळे खणता खणता आमच्या तीन पिढ्यांच्या कमरा मोडल्या, ती दारात! गाव हसले. मीही हसले, खोटे कशाला सांगू. "सायेब झालास व्हय रं?" असे मी त्याला म्हटले.

दिवाळीनंतर तो पेन्शनच्या तपासणीस साताऱ्याला गेला. मागे मी चार बायका लावून सगळी हरळी मुळासकट खणली, मुळ्या जाळल्या, अंगण सारवून रांगोळी घातली. लेक खूष होईल असे वाटले. तो आला आणि दारातच थांबला. "आये, उघडी माती मला बघवत न्हाई गं," म्हणाला. आल्यापासून माझ्याशी तो एवढे कधी बोलला नव्हता. त्यानंतर तीन दिवस जेवला नाही. ब्रह्मदेशात त्याने सोबत्यांना स्वतःच्या हाताने पुरले, हे मला त्याच्या पलटणीतल्या नाथाजीने मागाहून सांगितले. हा अपराध माझा आहे. तो कागदावर असावा.

मग आम्ही दोघांनी बांधावरून मुळ्या आणून पुन्हा लावल्या. माती झाकली, तसा तो भाकरी मागू लागला.

आकाराम आत्ता उंबऱ्यावर बसून ऐकतो आहे. तो म्हणतो, "आये, दारात हरळी असल्यावर पोरीला सोयरीक कशी यायची? तितं गोठा घालू. सयाला वेड्यांच्या इस्पितळात ठिवू, सरकार बघंल."

"तुझ्या लग्नाला दारात उकिरडा हुता," मी म्हटले, "तरी शालूबाई आलीच की!"

हसण्यावारी नेले, पण त्याच्या मनातले मला कळले आहे आणि त्याने माझी झोप गेली आहे. म्हणून लिहावे: सयाजी जिवंत असेतोवर त्याला इस्पितळात धाडू नये व अंगणाला कुदळ लावू नये. जो लावील त्याने माझ्या पिंडाला हात लावू नये.

हरळी पावसाळ्यात आठ दिवसांनी कापावी, थंडीत वीस दिवसांनी, चैत्र-वैशाखात कातर लावूच नये, नाहीतर माती दिसते. कापलेले आकारामाच्या म्हशीला घालावे. तिची सोयरिकीबद्दल काही तक्रार नाही. सयाजीचे दुखलेखुपले तर आकारामाने कापावी.

"मी? आन् किती ठिवायची?" असे आकारामाने विचारले.

"दोन बोटं."

"कुणाची? उद्या कोर्टात विचारतील," मास्तर म्हणाले.

तेही बरोबर. आकारामाची बोटे जाड, सयाजीची वाळलेली. म्हणून अंगठ्याबरोबर माझी दोन बोटेही शाई लावून आडवी उठवत आहे. याहून खाली कापू नये. आकारामास "करशील न्हवं?" असे मी तीनदा विचारले. तिसऱ्यांदा त्याने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मास्तरांना कळले नाही. मलाही नाही.

वर लिहिले ते वाचून दाखवले, ते माझेच बोलणे आहे.

निशाणी राहीबाई भ्रतार हरिबा फाळके, डाव्या हाताचा अंगठा. शेजारी त्याच हाताची दोन बोटे, आडवी.

साक्षीदार:
नाथाजी बाळा जाधव, माजी नाईक (सही)
रामगोंडा भीमगोंडा चौगुले, दुकानदार (सही)

लिहिणार: धन्यकुमार आण्णा मगदूम, शिक्षक, मूळचे सांगलीकडील

मुक्काम पिंपळवाडी, गुरुवार, ता. १२ डिसेंबर १९४६