सिरिलच्या आधी मॉरिस

५ मार्च
नवे पत्रे आले. पुढची मडगार्डं आणि दारांखालच्या लांब पट्ट्या. जुन्या गंजून चाळणी झाल्यात. जूनमधल्या जुन्या गाड्यांच्या क्लब-मेळाव्याला बायकोला, डोरीनला, आमच्या मॉरिस मायनरमधून नेणार. तसा शब्द दिलाय. दर वर्षी देतो, पण यंदा खरा.
शेजारच्या सिरिलनेही तसलीच गाडी दुरुस्तीला काढलीय. रंगही हिरवाच. कॉपी! हिरवा मी आधी ठरवला होता. मनात.

११ मार्च
कुंपणापलीकडे सहज नजर गेली. (शिडी लावावी लागली.) सिरिलने पत्रे नुसते चिमट्यांनी अडकवलेत. दारं बसवतो, लावून बघतो, काढतो, पुन्हा बसवतो. वेल्डिंगचा पत्ता नाही. हा नटेपर्यंत मुहूर्त टळायचा.

१२ मार्च
डोरीनने सिरिलला केक नेऊन दिला. अख्खा. म्हणे, "बिचारा एकटा राहतो." मग मीही एकटा राहून बघतो.

१९ मार्च
दारं काढून ठेवली, मधे मधे येतात. गाडी पुढून-मागून ठोकळ्यांवर उचलली. खाली मधे मोकळंढाकळं, मजेत काम होतं. जुन्या पट्ट्या कापल्या, नव्या वेल्ड. एका दिवसात!
कापाकापी चालू असताना सिरिल डोकावला. म्हणाला, "अरे हॅरल्ड, दारं लावून ठेव ना आधी. आणि मधे टेकू दे, नाहीतर पट्ट्या कापल्यावर गाडी वाकेल, तिची कंबर बसेल." जळतोय मेला. म्हटलं, "तू तुझ्या कंबरेचं बघ." डोरीन हसली नाही.

२ एप्रिल
मडगार्डं झाली, रंग झाला. सिरिल अजून चिमट्यांतच. बिचारा!

४ एप्रिल
दारं बसवली. लागत नाहीत. नवी रबरं जाड असणार.

५ एप्रिल
रबरं काढली. लागत नाहीत. थंडी. धातूच तो, कुरकुरणारच.

२७ एप्रिल
ऊन पडलं. तरी लागत नाहीत. कानशीने घासघास घासलं. आता वर लागतं, खाली उघडं. हवा खेळती राहील.

२० मे
डोरीनच्या बाजूचं दार लाथ घालून लावलं. लागलं एकदाचं! उघडत नाही. तिला म्हटलं, माझ्या बाजूने चढ आणि गिअरवरून सरक, शर्यतीच्या गाड्यांत असंच असतं. ती म्हणाली, "मी बासष्ट वर्षांची आहे, हॅरल्ड."
सिरिलकडे आज पहिल्यांदा वेल्डिंगचा आवाज. फार उशीर केला त्याने.

१४ जून
डोरीन सिरिलच्या गाडीतून मेळाव्याला गेली. "तू ये मागून," म्हणाली. मी मागून निघालो. पहिल्याच वळणावर माझ्या बाजूचं दार सताड उघडलं. एका हाताने दार धरायचं तर गिअर कोण बदलणार? गाडी चर्चपाशी सोडून बस धरली.
मैदानावर सिरिलच्या गाडीभोवती ही गर्दी. लोक चहाला पांगल्यावर त्याचं दार एका बोटाने लोटलं. टक्. उघडलं, पुन्हा लोटलं. टक्. इतकं चांगलं दार या माणसाचं असावं!
वळून बघतो तर सिरिल. वाटलं, आता सुनावणार. म्हणाला, "उद्या तुझ्या पट्ट्या पुन्हा कापू. टेकू मी आणतो." मी म्हटलं, बघू, वेळ मिळाला तर.
घरी येताना सिरिलच्या गाडीत डोरीन पुढे, मी मागच्या सीटवर. दार तिने लावलं. मला हात लावू दिला नाही.