वर तर कोरडं आहे

४ नोव्हेंबर

पोचले एकदाची. शिडी चढताना पाय लटपटले नाहीत, हे आधी लिहून ठेवते, कारण घरी सगळ्यांनी पैज लावली होती. वर डेकवर सारंग उभा होता. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या. हा पांढऱ्या मिशांचा, ढेरपोट्या, गोड माणूस. माझी बॅग घेतली आणि माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. विचारलं, कुणाची वाट बघताय? म्हणाला, नवे चीफ ऑफिसर यायचेत. म्हटलं, आले. बिचाऱ्याने अशी काही जीभ चावली की मलाच हसू आवरेना. तेव्हापासून मला ‘ताई’ म्हणतो आणि भरपाई म्हणून सारखा चहा पाठवतो.

केबिन झकास आहे. दोन खिडक्या, चांगला दिवा, टेबलाचा खण लाथ मारल्याशिवाय उघडत नाही. आधीच्या साहेबांनी साबणाची अर्धी वडी आणि एक मोजा मागे ठेवलाय. आता या जहाजावर कप्तानांच्या खालोखाल मी. माल भरून घेणं, जहाजाचा तोल सांभाळणं, सगळं माझ्या माथी. कप्तानसाहेब हळू आवाजात बोलणारे, निवृत्तीला टेकलेले. ही शेवटची खेप, मग घरी जाऊन बागकाम, असं म्हणाले.

सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आमच्याच कंपनीचं जुळं जहाज याच धक्क्याला पुढे लागलंय आणि त्यावर माझा धाकटा दीर तिसरा अधिकारी आहे. भावजी लगेच भेटायला आले. “वहिनी, आता तुम्ही साहेब झालात. सलाम ठोकू की पाया पडू?” असं विचारत सासूबाईंनी दिलेला खाऊचा अख्खा डबा फस्त केला. सासूबाईंना फोन लावला. म्हणाल्या, दोघं एकाच वाटेने चाललात, माझा जीव भांड्यात पडला.

६ नोव्हेंबर

माल भरायला सुरुवात झाली. खनिजाची लाल माती. धक्क्यामागे तिचा डोंगर उघड्यावर पडलाय, ना ताडपत्री ना छप्पर, आणि इथे रोज पाऊस. यंत्राच्या फावड्यातून होल्डमध्ये, म्हणजे जहाजाच्या पोटातल्या कोठारात, माती पडते तेव्हा धूळ उडायला हवी. धप्प आवाज येतो.

डबा घेतला. साधा पत्र्याचा रंगाचा डबा. त्यात अर्ध्यापर्यंत माती भरायची आणि कठीण जागेवर आपटत राहायचं. कोरडी माती कोरडीच राहते. ही राहिली नाही. आपटता आपटता ती मऊ झाली, चकाकली, मग वर पाणी आलं. त्यात मला माझं नाक दिसलं.

सारंगाने विचारलं, ताई, एवढ्याशा पाण्याने काय होतं? त्याला सांगितलं ते इथेही लिहिते, म्हणजे माझाही राग जरा निवेल. अशी माती ढीग करून ठेवली की गुणी बाळासारखी बसते. पण इंजिनाची थरथर आणि लाटांचे धक्के बसले की तिच्यातलं पाणी सुटतं आणि सगळी माती कालवलेल्या सिमेंटसारखी पातळ होते. मग जहाज ज्या बाजूला झुकेल त्या बाजूला ती धावते. आणि परत येत नाही. अशी जहाजं बुडायला दुपारच्या झोपेइतकाही वेळ लागत नाही. सारंगाने डबा माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा आपटून पाहिला.

मी माल भरणं थांबवलं.

७ नोव्हेंबर

तळपायाची आग मस्तकात गेलीय. 

सकाळी माल पाठवणाऱ्याचा माणूस आला. चिखलाच्या धक्क्यावर पांढरे शुभ्र बूट. त्याच्याकडे प्रयोगशाळेचा कागद: माती कोरडी, प्रवासास योग्य. मी डबा पुढे केला. त्याने बूट मागे घेतले. मी स्वतंत्र तपासनीस बोलावला होता, तो बंदराच्या दारापर्यंत आला आणि तिथूनच परत गेला. पांढऱ्या बुटांच्या चार मित्रांनी त्याच्याशी काहीतरी बोलणं केलं म्हणे.

मग ऑफिसातून फोन. या साहेबांना सगळे ‘गोडबोल्या’ म्हणतात. कंपनीच्या जहाजांचं वेळापत्रक त्यांच्या हाती. आवाज असा की साखर विरघळावी. म्हणाले, मॅडम, जुळ्या जहाजाने हाच माल घेतला, तिथे कुणाची तक्रार नाही. तिथले चीफ ऑफिसर अनुभवी आहेत. तुम्हाला नवीन असल्यामुळे भीती वाटत असेल, स्वाभाविक आहे. मी म्हटलं, डब्याला अनुभव नसतो साहेब, तो सगळ्यांना सारखंच सांगतो. त्यावर साखर संपली. माल नको असेल तर बॅग भरा, दुसरा माणूस उद्या येतो.

फोन कप्तानसाहेबांनी घेतला. हो सर. हो सर. समजलं सर. ठेवला आणि खिडकीतून बाहेर बघत बसले. मी त्यांच्यावर ओरडले. वयाने वडिलांएवढ्या माणसावर ओरडले आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. त्यांना विचारलं, बागेत काय लावणार साहेब? लाल माती?

बॅग भरायलाही घेतली होती. मग मनात आलं, उद्या येणारा मान डोलवत येईल आणि ही सगळी माणसं त्याच्या भरवशावर समुद्रात जातील. बॅग पुन्हा रिकामी केली.

भावजींना फोन करून सगळं सांगितलं. ते आपल्या होल्डमध्ये डोकावून आले. हसत म्हणाले, “वहिनी, वर तर कोरडं आहे. ठणठणीत.”

वर कोरडंच असतं हो. वर कोरडंच असतं.

९ नोव्हेंबर

काल कप्तानसाहेबांनी कागदावर सही केली आणि उरलेली मातीही भरून झाली. निघालो. जुळं जहाज सकाळी सुटलं, थोड्या वेळाने आम्ही. क्षितिजावर ते बोटाच्या पेराएवढं दिसतंय. रेडिओवर भावजी चिडवतात, वहिनी, तुमचं कासव जरा हाका की. मी हसले नाही, तर म्हणाले, रागावलात का? रागावले, पण तुमच्यावर नाही.

माझ्या हातात जेवढं होतं तेवढं करून घेतलंय. प्रत्येक खलाशाचा तराफा कुठे, जाकिटाचा पट्टा कसा बांधायचा, सगळं पुन्हा पुन्हा. भंडारी, म्हणजे आमचा आचारी, कुरकुरला की भात करपतोय. म्हटलं करपू दे.

कप्तानसाहेब माझ्याशी बोलत नाहीत. मीही नाही.

१० नोव्हेंबर

सारंगाने सकाळी बोलावलं. होल्डच्या लोखंडी झाकणावर त्याने पंजा टेकवला होता, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. मला म्हणाला, कान लावा.

आतून आवाज येतोय. चपक. मग बराच वेळ काही नाही. मग जहाज दुसऱ्या बाजूला झुकलं की पुन्हा, चपक. झोपेत कुणी कूस बदलावी तसा.

माणूस उतरायचं छोटं तोंड उघडलं. आत उतरले नाही, वरूनच बॅटरी मारली. धक्क्याला असताना आत मातीचे उंच ढीग करून घेतले होते, टेकड्यांसारखे. टेकड्या नाहीत. सगळं सपाट. सारवल्यासारखं गुळगुळीत, आणि वर पाण्याचा पातळ पापुद्रा. बॅटरीचा उजेड त्यात हलत होता. मी बॅटरी स्थिर धरली होती.

कप्तानसाहेबांना हाताला धरून नेलं. त्यांनी आत पाहिलं. होल्डचं तोंड बंद करताना त्यांना बोल्ट सापडेना, तो त्यांच्या हातातच होता.

ऑफिसला कळवलं, जवळच्या बंदरात आसरा हवा. गोडबोल्याचं उत्तर, हवामान उत्तम आहे, मार्ग बदलू नये.

हवामान खरंच उत्तम आहे. लख्ख ऊन. मला त्या उन्हाचासुद्धा संताप येतोय.

११ नोव्हेंबर

भर दुपार होती. रेडिओवर भावजी. या वेळी चिडवलं नाही. आवाज नेहमीपेक्षा सभ्य. म्हणाले, वहिनी, आमचं जहाज जरा डावीकडे कललंय, सरळ होत नाही. कप्तान उजव्या टाकीत पाणी भरून सरळ करतायत.

मी ओरडले. नका भरू! सांगा त्यांना, नका भरू! कललंय ते मातीने. सरळ केलंत तर सगळी माती उसळी मारून उजवीकडे येईल, ती कुणालाच आवरायची नाही.

म्हणाले, थांबा, सांगतो. त्यांनी बटण दाबूनच ठेवलं होतं. मला त्यांचे पाय ऐकू आले, पळताना. कुणीतरी विचारलं, कोण बोलतंय? भावजी म्हणाले, माझी वहिनी, तिला माहितीय—

मग भांडी पडावीत तसा आवाज. खूप भांडी.

मग खरखर.

समोर बघितलं. क्षितिजावर काही नव्हतं. रडारवर ठिपका होता, पुढच्या फेऱ्याला नव्हता. सुकाणू धरलेल्या खलाशाने डोळे चोळले आणि काच पुसली. दोनदा पुसली.

११ नोव्हेंबर, नंतर

बुडताना आपोआप सुटून वर येणारं आणि हाका मारणारं एक यंत्र असतं. ते हाका मारतंय. जुळ्या जहाजाच्या नावाने. आमच्या पडद्यावर नाव येत राहतं.

ऑफिसला फोन. गोडबोल्या म्हणाले, ते यंत्र जुनं आहे, उगाच वाजतं. मार्ग बदलू नका. आणि कुणाशी काही बोलू नका.

कप्तानसाहेबांनी सुकाणू धरलेल्या खलाशाला तिकडे जायला सांगितलं. हळूहळू, जपून वळवलं. जहाज वळताना झुकलं आणि पुन्हा उभं राहायला जरा जास्तच वेळ घेतला.

पाणी लाल होतं. मैदानाएवढं लाल पाणी. त्यात जीवरक्षक जाकिटं, प्लास्टिकच्या वेष्टनातच. कुणाला फोडायलाही वेळ मिळाला नाही. एक फुगलेला तराफा, सारंगाने गळ टाकून जवळ ओढला. रिकामा.

आमची माणसं कठड्याला उभी राहून नावं घेऊन हाका मारत होती. मी भोंग्यावरून भावजी, भावजी म्हणत राहिले. त्यांचं नाव मी कधी घेतलंच नाही. ते घेऊनही मारली एक हाक.

१२ नोव्हेंबर

कुणी सापडलं नाही. शोधाला दुसरी जहाजं आली. आम्हाला लांब जायला सांगितलं. आम्हीच धड नाही.

सासूबाईंचा फोन. ऑफिसने त्यांना कळवलंय, जहाजाला थोडा उशीर होतोय. म्हणाल्या, तू मागेच आहेस ना गं? दिसतोय ना तुला तो?

उशीर.

मी त्यांना खरं सांगितलं. ते ऑफिसचं काम होतं. त्यांनी ते माझ्यावर टाकलं. पलीकडे फोन कुणीतरी त्यांच्या हातातून घेतला.

त्या गोडबोल्याला मी— नाही, नंतर.

१३ नोव्हेंबर, सकाळ

कललो. डावीकडे. चहाचा कप टेबलावरून आपला आपण चालत गेला.

कुणीही टाकीला हात लावायचा नाही, कप्तानसाहेबांनीच बजावलं. जवळच्या किनाऱ्याकडे वळवलंय, गाळात रुतवायचं. ऑफिसने नकार दिला, तेव्हा त्यांनी फोन न बोलता खाली ठेवला. मग मला म्हणाले, ताई, तुमचं त्या दिवशीच ऐकायला हवं होतं. मी म्हटलं, हो. दुसरं काय म्हणणार? माफ करायला वेळ लागतो.

आवाज आता चपक नाही. घरंगळल्यासारखा. लांब.

१३ नोव्हेंबर, दुपार

किनारा गाठता येत नाही, संकटाचा संदेश पाठवला. माणसं तराफ्यात. सारंग शेवटी उतरला, मोजून घेतली सगळी. भंडारी रडत होता. एक मासेमारीचं जहाज येतंय, धूर दिसतो. त्यांना लांब ढकललंय, ओढले जाऊ नयेत म्हणून.

वर आम्ही दोघं. इंजिन थांबवायचं आणि निघायचं— एवढंच राहिलं होतं. सुकाणूच्या खोलीत फोन वाजला. तो भिंतीवर होता, आता भिंतच खाली— बसून घेतला.

गोडबोल्या. संकटाचा संदेश का पाठवला? परत घ्या. आधीच एक प्रकरण निस्तरतोय.

एका हातात फोन. दुसऱ्या हाताने रेडिओ घेतला, संकटाच्या वाहिनीवर, जी इथलं प्रत्येक जहाज आणि किनारा ऐकतो. बटण दाबलं. दोन्ही तोंडाला तोंड लावून धरले.

म्हटलं, साहेब, नीट ऐकू आलं नाही, पुन्हा सांगा. त्यांनी सांगितलं. सगळं. माती ओली आहे हे दोन्ही जहाजांना माहीत होतं, तुम्ही सह्या केल्यात, आता रडू नका. म्हटलं, तुमचं नाव काय साहेब? पूर्ण सांगा, हुद्द्यासकट.

सवयीने सांगितलं त्यांनी. अगदी ठसक्यात.

रेडिओवर कुठलंसं जहाज, अनोळखी आवाज— ऐकलं. मग दुसरं, ऐकलं. तिसरं— किनारा— ऐकलं, ऐकलं—

लिहितेय अजून— बसल्या जागी कप्तानसाहेब पट्टा बांधतायत मला. दार वर आहे. ‘आधी तुम्ही’ म्हणतायत. ओरडतायत. जाते. ही वही पिशवीत—

खिडकीत आकाश हिरवं का— नाही, ते आकाश नाहीच, ते