नातीची पदवी पूर्ण होईपर्यंत घर न विकण्याबाबत

मी खाली सही करणार, वय वर्षे एक्याऐंशी, शिक्षण इयत्ता चौथी उत्तीर्ण, धंदा पूर्वी काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात भट्टीवरील कारागीर व कामगारांचा निवडून आलेला प्रतिनिधी, हल्ली घरीच. पाळण्यातले नाव सहीत येईलच; परंतु लोक मला 'मुद्देमास्तर' या नावाने ओळखतात. बैठकीत कोणी भरकटू लागला की मी "मुद्द्याचं बोला" असे म्हणत असे, त्यावरून ते पडले. त्यातील 'मास्तर' हा भाग थट्टेने जोडलेला होता. मी तो गंभीरपणे घेतला.

माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी गेलेली नाही. आज सकाळी डॉक्टरीणबाईंनी खात्री करण्यासाठी आठवड्याचे वार उलटे म्हणावयास सांगितले, ते मी न अडखळता म्हटले. सबब हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हस्ताक्षरात, कोणाच्या धाकाने अगर भिडेने नव्हे, तर स्वखुशीने लिहून ठेवतो.

कलम १. राहते घर, दोन खोल्या व स्वयंपाकघर, मी व माझ्या कैलासवासी पत्नीने पगारातून बांधले. ते माझ्या पश्चात संपूर्णपणे माझ्या एकुलत्या एक नातीस मिळावे. माझ्या मुलाचा त्यावर कोणताही हक्क राहू नये. कारण कलम चारमध्ये दिले आहे.

कलम २. काच फुंकण्याची लोखंडी नळी, दोन चिमटे व निळ्या काचेचा चष्मा कामगार संघटनेच्या कचेरीत द्यावेत. भिंतीवर टांगून हार घालू नये. नवीन मुलांच्या हातात द्यावेत, म्हणजे वजन कळते.

कलम ३. माझी शिडी शेजारच्या शिंप्याकडे आहे. ती परत मागू नये. मात्र ती माझी आहे एवढे त्याने चार माणसांत कबूल करावे. "आपलीच समजा" असे मी म्हणालो होतो, हे खरे. परंतु ते बोलण्याची रीत म्हणून म्हणालो होतो.

कलम ४. माझ्या नातीने महाविद्यालयात 'कामगार व रोजगार संबंध' या पदवीस प्रवेश घेतला आहे. माझा मुलगा एका कंपनीत पाळीचा सुपरवायझर आहे. त्याने ऐकल्याबरोबर सांगितले, "भांडायला पदवी कशाला लागते? आपल्या घरात ते फुकट शिकायला मिळतं." पुढील वर्षाची फी तो भरणार नाही, तिने हिशेबनिशीचे शिक्षण घ्यावे, आणि माझ्या मागे हे घर विकून टाकावे, असे त्याचे म्हणणे पडले. म्हणून कलम एक.

नातीने मला त्या पदवीची छापील उद्दिष्टे वाचून दाखविली. विद्यार्थ्याला काम व कामगार यांचा इतिहास सांगता यावा. कायदा समजावा व तो प्रत्यक्ष प्रसंगास लावता यावा. नेमके लिहिता, बोलता यावे. येथपर्यंत माझी हरकत नव्हती. पुढे आले, की मालक, कामगार व समाज या तिघांचेही हित त्याला तोलता यावे.

"मालकाचं हित मालक बघेल," मी म्हटले.

"आजोबा, मग संपात भट्टी का पेटती ठेवायचात?"

हे मीच तिला लहानपणी सांगितले होते. भट्टी थंड पडली की आतली काच दगडासारखी बसते, भट्टी फोडावी लागते, मग ना मालक उरतो ना नोकरी. म्हणून आम्ही दारावर घोषणा देत असू आणि आमचीच माणसे आत विस्तव राखीत. नवख्यांना ती फितुरी वाटे. मी तिला "पुढचं वाच" असे म्हटले.

पुढचे उद्दिष्ट असे होते, की नवा पुरावा समोर आल्यास विद्यार्थ्याला स्वतःचे मत तपासून बदलता यावे. असे कलम आमच्या संघटनेच्या घटनेत नव्हते. माझ्या स्वभावातही नाही.

कलम ५. येथवर लिहून झाल्यावर गेल्या रविवारी मी कलम एक मुलास वाचून दाखविले. तो चपला घालू लागला. नात दारात आडवी उभी राहिली.

"बाबा, आमच्या वर्गात एक पद्धत आहे. आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या तोंडानं मांडायचं. तो 'बरोबर' म्हणेपर्यंत स्वतःचं काही बोलायचं नाही."

"त्यांचं म्हणणं एकच. मी नालायक आहे."

"चूक," मी म्हटले.

त्याने चपलेचा पट्टा सोडला. मग म्हणाला, "त्यांना वाटतं, आपण अर्धी लढाई नुसत्या आवाजावर लढलो. साहेब इंग्रजीतला कागद पुढे करायचा आणि ह्यांना तो दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागायचा. पोरीवर ती पाळी येऊ नये."

"बरोबर," मला म्हणावे लागले.

"आता तुम्ही, आजोबा."

मी घसा साफ केला. "त्याला माझा राग आहे."

"हा मुद्दाच नाही," मुलगा म्हणाला.

"त्याला लेक सुखात हवी आहे."

"अर्धवट," नात म्हणाली. "मुद्द्याचं बोला, आजोबा!"

माझ्याच घरात मला हे ऐकावे लागले. मी पुन्हा आरंभ केला. "संपानंतर मला काढून टाकलं, मग कुणी कामावर ठेवीना. नाव सांगितलं की दार लागायचं. एकदा तू माझ्याबरोबर होतास, माझं बोट धरून. तुला वाटतं, तसं दार हिच्या तोंडावर लागू नये."

मुलगा खाली बसला. "बरोबर," तो म्हणाला. "हे तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता बोलताना कळलं."

हा नवा पुरावा होय. सबब कलम एक मी येथे रद्द करतो. ते खोडीत नाही, कारण खाडाखोडीचा कागद टिकत नाही. घर मुलगा व नात या दोघांस समाईक मिळावे. नातीची पदवी पूर्ण होईपर्यंत ते विकू नये, व पुढची खोली तोवर तिच्या अभ्यासास मोकळी असावी. त्यानंतर ज्याला विकावेसे वाटेल त्याने आधी दुसऱ्याचे म्हणणे मांडावे, आणि "बरोबर" ऐकल्यावरच स्वतःचे तोंड उघडावे.

कलम ६. बँकेतील शिल्लक मी नातीच्या फीसाठी नेमून ठेवली होती. हे वाचताच मुलाने हरकत घेतली.

"फी मी भरणार, बाबा. त्यात तुम्ही पडायचं नाही."

"ही तुझी मागणी समजू का?"

"मागणी कसली? बाप आहे मी तिचा. हक्क आहे माझा."

एवढी वर्षे मी परक्या पोरांना हा शब्द मान ताठ ठेवून कसा उच्चारावा ते शिकवीत आलो. घरात तो प्रथमच ऐकला, व नीट उच्चारलेला ऐकला. चर्चा न करता मान्य केले. शिल्लक आता संघटनेच्या वाचनालयास द्यावी. कायद्याची पुस्तके सोप्या भाषेतील घ्यावीत.

यापूर्वीचे कोणतेही मृत्युपत्र नाही. असे निघाल्यास ते खोटे समजावे.

स्थळ: राहते घर, पुढची खोली. तारीख प्रत्येकाने आपल्या सहीखाली स्वहस्ते घातली आहे.

लिहून ठेवणार: (सही)

वरील मजकूर लिहून ठेवणाराने आमच्यासमोर स्वतः मोठ्याने वाचला, कोणालाही मदत करू दिली नाही, व सही केली. नंतर आम्ही त्यांच्या व एकमेकांच्या समक्ष सह्या केल्या. मुलगा व नात हजर होते. परंतु मिळकत त्यांना जात असल्याने त्यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत.

साक्षीदार १: घरच्या डॉक्टरीणबाई (सही)
साक्षीदार २: कामगार संघटनेच्या हल्लीच्या सरचिटणीस (सही)