उजव्या रांगेचं पाणी

पुणे,
१५ जानेवारी २०२५

प्रिय कुसुमकाकू,

नमस्कार. गुडघा कसा आहे? संक्रांतीला मुद्दाम आले नाही. तुमच्याकडे यंदा तिळगूळ नाही, तर मीही केला नाही.

आम्ही कॉलेजात शिकत होतो तेव्हा तुमचा सलिल एकदा म्हणाला होता, “पानानं म्हातारं कधी व्हायचं, ते मूळ सांगतं.” मी हसले होते. पुढचं सगळं आयुष्य त्याने त्या एका वाक्याची परीक्षा घेण्यात घालवलं.

तुमच्या कात्रजच्या गच्चीवरचे ते पुरुषभर उंचीचे पाइप त्याच परीक्षेसाठी आहेत. डायलिसिस सुरू झाल्यावर त्याला कॉलेजच्या शेतावर जाणं जमेना, म्हणून त्याने माती भरून ज्वारी तुमच्या डोक्यावर आणून ठेवली. डाव्या रांगेतल्या ज्वारीची मुळं सरळ तळाशी जातात. उजवीकडचं वाण वेगळं, त्याची वरच्या वरच पसरतात. कणसं बाहेर पडली की पाणी बंद करायचं. माती वरून सुकत जाते. त्याचं म्हणणं असं की तळाच्या ओलीत जिवंत राहिलेलं मूळ वर निरोप धाडत राहतं, म्हणून पान हिरवं राहतं आणि दाणा भरतो. उजवीकडे तो निरोप तुटेल आणि पानं खालून पिवळी पडत जातील.

पाणी त्याने स्वतः बंद केलं, जायच्या आधीच्या आठवड्यात, वेताच्या खुर्चीत बसून. “आता यांनाही माझं पथ्य,” असं म्हणाला. तुम्ही खाली निघून गेलात.

तो गेल्यावरही मी दर रविवारी येते आहे. उजवी रांग पिवळी पडत नाही. आधी वाटलं, माझ्याकडून पाइपांच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली. मग एका रविवारी पाइपाच्या तोंडात बोट घातलं, तर माती गार आणि ओली. काकू, हसू नका, पण मी मागे वळून खुर्चीकडे बघितलं. नंतरचे काही दिवस तो येऊन जातो असं मी खरंच धरून चालले होते. जिन्यात पाऊल वाजलं की थांबायचे.

तुम्हाला विचारलं तर तुम्ही म्हणालात, दव पडत असेल, कात्रजला थंडी फार. दव बोटभर खोल जात नाही. दोन्ही रांगा सारख्याच हिरव्या दिसतात हे काही ठीक नाही, असं मी पुटपुटले. त्यावर तुम्ही म्हणालात, “हिरवं दिसलेलं तुमच्या शास्त्राला सोसत नाही वाटतं?” आणि चहा ठेवायला गेलात. म्हणून हे लिहून कळवते आहे. समोर बसले की तुमचा चहा येतो आणि माझं बोलणं राहून जातं.

मागच्या रविवारी मी लवकर आले होते. गच्चीचं दार उघडंच होतं. शेजारी बादली आणि हातात त्याचा आजारपणातला चोचीचा कप घेऊन तुम्ही उजव्या रांगेत एकेका पाइपात थोडं थोडं पाणी घालत होतात. म्हणत होतात, “घे. आता कोणी मोजत नाही.”

मी खाली उतरले. थोड्या वेळाने बेल वाजवली, आत्ताच आल्यासारखी.

त्याचं पाणी मोजून असायचं. शेवटी शेवटी तो आणखी एक घोट मागायचा आणि तुम्ही पेला मागे घ्यायचात. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुसरं काय करणार होतात? एकदा त्याने माझ्याकडे बघितलं. मीही नाहीच म्हटलं. सलिल माझा कोण, हे तुम्ही कधी विचारलं नाहीत, बरं केलंत. पण त्याच्या कोरड्या ओठांचा विषय निघाला की आपण दोघी एकाच बाजूला उभ्या असतो.

खरं सांगायचं तर गच्चीत पोचल्यावर ती हिरवी पानं दिसली की मलाही बरं वाटतं. त्याचं काम अजून संपलं नाही, असं वाटतं.

पण दाणा अजून दुधाळ आहे. आत्ता पाणी थांबलं तरी उत्तर मिळेल. डाव्या रांगेने आपलं उत्तर दिलंच आहे, तिला तुम्ही हात लावलेला नाही. उजवी मात्र तुमच्या डोळ्यांदेखत वाळेल, खालच्या पानापासून, आणि कणसं हलकी राहतील. त्याचं म्हणणं खरं ठरायला एवढं व्हायलाच हवं. टेम्पो बोलावून पाइप कॉलेजात नेता येतील, पण ज्वारीची ताटं वाटेत मोडतील. आणि न विचारता तुमच्या गच्चीवरून मी काही उचलणार नाही.

तुम्ही ऐकणार नाही. तुमच्या जागी मीही ऐकलं नसतं. तरी मागते आहे, काकू. हे पत्र मिळाल्यापासून उजव्या रांगेला पाणी देऊ नका.

तुमची,
शेफाली