पंचेचाळीस ग्रॅम

प्रिय धाकट्या,

फोन न करता पत्र आलं म्हणून दचकू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. फोनवर मी फार आटोपशीर बोलते, आणि आटोपताना नेमकं सांगायचं तेच गळतं, असं अलीकडे माझ्या लक्षात आलंय. म्हणून सावकाश लिहिते आहे, तूही सावकाश वाच. आधी एक प्रश्न. एका गाडीचे चार टायर. एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले. चौघंही त्याच रस्त्यांवरून तेवढेच किलोमीटर धावले. तरी दोन जास्त झिजलेत आणि दोन कमी, असं का? आणि जास्त झिजलेले दोन पुढे नाहीत, मागे आहेत, ते का?

हा प्रश्न मला शनिवारी पडला आणि त्याला निमित्त तूच. येत्या रविवारी तू गाडीसाठी ज्या गिऱ्हाइकाला घेऊन येणार आहेस, त्याने टायरचे फोटो मागितले होते ना? मी खाली उतरून, गुडघ्यावर बसून चारही टायरचे फोटो काढले. मागच्या दोघांच्या कडा साफ गुळगुळीत. पुढच्यांवर नक्षी शाबूत. बाबा जिन्याच्या पायरीवर पेपर घेऊन बसले होते. गाडीकडे ते हल्ली बघत नाहीत. मी आपलं सहज विचारलं, तर पेपरमधून डोकं वर न काढता म्हणाले, "पुढचेच होते ते. तूच नाही का मागे टाकून आणलेस?" त्यांच्या तोंडून गाडीबद्दल एवढं लांब वाक्य मी पाच महिन्यांनी ऐकलं.

त्यांचं बरोबर होतं. फेब्रुवारीत त्यांना ताप आला होता तेव्हा गाडी मी नेली होती. डॅशबोर्डच्या खणात त्यांची वही आहे, तुला माहीत आहे. दर नऊ-दहा हजार किलोमीटरला एक ओळ: तारीख, आकडा, 'चाकं पुढेमागे, बॅलन्सिंग केलं.' मोजणी खात्यात छत्तीस वर्षं काढलेला माणूस, दुसरं काय लिहिणार. शेवटची ओळ माझ्या अक्षरात आहे. चार फेब्रुवारी, 'चाकं पुढेमागे केली.' स्वल्पविराम नाही, बॅलन्सिंग नाही. त्या दिवशी दुकानात गर्दी होती, मला कामावर जायची घाई होती, आणि टायरवाल्या मावशी म्हणाल्या, "बॅलन्सिंग पण करून घ्या, अर्धा तास लागेल." मी म्हटलं, नको, नुसती अदलाबदल करा. हे मला आठवत होतं. त्याचा अर्थ काय होतो ते माहीत नव्हतं.

मग वहीतल्या त्या ओळीपुढे मी माझी डायरी उघडून ठेवली. बाबांचे हात स्टिअरिंगवर थरथरतात ही माझी पहिली नोंद तेरा फेब्रुवारीची आहे. गुरुवार, हायवे, नेहमीसारखं मोठ्या काकांकडे जाताना; ताप नुकताच उतरला म्हणून मी सोबत होते. चाकं बदलल्यानंतरचा तो त्यांचा पहिलाच हायवेचा फेरा, कारण मधला गुरुवार तापात गेला. मी बोटांवर मोजलं, मधे फक्त नऊ दिवस. आपली मोठी माणसं म्हातारी होतात तेव्हा ती अशी तारीख धरून होतात का?

रविवारी सकाळी मी गाडी काढली आणि बाबांना म्हटलं, चला, गिऱ्हाईक यायच्या आधी टायर दाखवून आणू. ते आले, पण जाताना मागे बसले. पुढची जागा रिकामी आणि बाबा मागे, जसे कोणी पाहुणे. दुकान म्हणजे पत्र्याची एक खोली, बाहेर टायरच्या उतरंडी, आत एक जॅक, एक कॉम्प्रेसर आणि ते बॅलन्सिंगचं यंत्र. मावशी पन्नाशीच्या, हात कोपरापर्यंत काळे, आणि तोंडाचा पट्टा कॉम्प्रेसरपेक्षा मोठा. मी त्यांना माझा प्रश्न विचारला तर हसल्या. म्हणाल्या, "पुढची चाकं म्हणजे घरातलं थोरलं लेकरू. गाडी ओढायची त्याने, वळवायची त्याने, ब्रेक लागला की सगळा भार पण त्याच्यावरच. मागचं धाकटं नुसतं मागनं पळत येतं आणि वर गुबगुबीत राहतं." हे मी तुला मुद्दाम कळवते आहे. मी खूष होऊन बाबांकडे बघितलं, ते टायरच्या उतरंडीवर बसले होते, त्यांच्या मिशीत काहीतरी हललं असं वाटलं. म्हणून, मावशी म्हणाल्या, आठ-दहा हजार झाले की थोरल्याला मागे टाकायचं आणि धाकट्याला पुढे आणायचं, म्हणजे चौघं बरोबरीने म्हातारे होतात. नाहीतर दोन टायर उगाच लवकर फेकावे लागतात, आणि पावसात गुळगुळीत टायर ब्रेकचं ऐकत नाही.

मग मी विचारलं की चाकं बदलली आणि बॅलन्सिंग केलं नाही, तर काय होतं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, फेब्रुवारीतली मी त्यांच्या लक्षात आहे. "बाई, चाक जागा बदलतं तेव्हा त्याची खोड पण त्याच्यासंगं जाते." कुठलंच चाक अगदी सगळीकडून सारखं नसतं म्हणे. कुठे रबर तोळाभर जास्त, कुठे कमी. जिथे कमी तिथे रिमला शिशाचा छोटा तुकडा चिकटवतात. तो कधी खड्ड्यात आपटून पडतो, कधी पंक्चर काढताना निघतो. असं चाक मागे असलं तर सीटखाली थोडी गुणगुण होते, आणि आपल्या गाडीत मागे बसतंय कोण? तेच चाक पुढे आलं की थेट चालवणाऱ्याच्या हातात येतं. तेही सतत नाही. साठपर्यंत काही नाही, ऐंशीला नाचायला लागतं, आणखी पळवली की पुन्हा निवळतं. गावात फिरणाऱ्याला जन्मात कळायचं नाही.

त्यांनी पुढचं डावं चाक काढून यंत्रावर चढवलं. चाक सुसाट फिरलं, थांबलं, आणि पडद्यावर लाल आकडा आला: पंचेचाळीस. रिमच्या आत डिंकाचा चौकोनी डाग होता, तुकडा कधीचाच पडून गेलेला. मी नंतर घरी हिशेब करून पाहिला, मला राहवत नाही, तुला माहीत आहे. ऐंशीच्या वेगाला आपलं चाक सेकंदाला बारा वेळा फिरतं, आणि ते पंचेचाळीस ग्रॅम चाकाला साधारण साडेचार किलोच्या जोराने ओढतात, दर सेकंदाला बारा वेळा, वर, पुढे, खाली, मागे. मूठभर शेंगदाण्यांएवढं वजन. माझा आधी विश्वास बसला नाही.

बाबा उठून यंत्राजवळ आले. चष्मा लावून आकडा वाचला. आणि म्हणाले, "पुन्हा एकदा फिरवा." मावशी म्हणाल्या, काका, मशीन खोटं बोलत नाही. बाबा म्हणाले, "मोजणी दोनदाच करायची असते." मावशींनी पुन्हा फिरवलं. पंचेचाळीस. मग बाबांनी आपला उजवा हात समोर धरला, बोटं पसरून, आणि चाकाकडे नाही तर त्या हाताकडे बघत राहिले. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचण्याचं नाटक केलं.

शिसं चिकटवून झाल्यावर मी गाडी हायवेला घातली. मला हायवेची धास्ती आहे, या पाच महिन्यांत काकांकडे फक्त दोनदा गेले तेही जुन्या रस्त्याने, पन्नासच्या वर न जाता. रविवारी ऐंशी गाठले. स्टिअरिंग टेबलासारखं स्थिर. परत आल्यावर मी किल्ली बाबांपुढे धरली आणि त्यांनी घेतली नाही. "राहू दे तुझ्याकडेच," म्हणाले, आणि वर निघून गेले.

मला वाटलं होतं, कोडं सुटलं की सगळं सुटलं. तसं होत नाही, धाकट्या. तुला तीस मार्चचा फोन आठवतो? बाबांनी तुला सरळ सांगितलं होतं, "गाडी थरथरते रे, मी नाही." आणि तू म्हणालास, "बाबा, सगळेच असं म्हणतात. उद्या कोणाला उडवलंत तर ताईने काय करायचं?" मी तिथेच उभी होते. मी मान डोलावली होती, फोनवर तुला दिसलं नसेल. त्यानंतर त्यांनी ते वाक्य पुन्हा उच्चारलं नाही, किल्ली टेबलावर ठेवली, आणि मला वाटलं की पटलं त्यांना. खरोखरच पटलं होतं. सोमवारी चहाच्या वेळी ते म्हणाले, "चाकाचं ठीक आहे. पण मग तू मला कप अर्धाच का भरून देतेस?" मी एप्रिलपासून त्यांना अर्धा कप चहा देते आहे. त्यांच्या हातून सांडेल म्हणून. त्यांच्या हातून तो कधीच सांडला नव्हता. मी अर्धा भरत गेले, म्हणून त्यांना वाटलं की हिला काहीतरी दिसतंय, आणि ते दोन्ही हातांनी कप धरायला लागले, आणि मी ते डायरीत लिहून ठेवलं. डॉक्टरांनी मे महिन्यात हात तपासून म्हटलं होतं, वयाच्या मानाने छान आहेत. मी लिहिलं, 'डॉक्टर घाईत होते.' आता वाचताना हे अक्षर माझं आहे यावर विश्वास ठेवायला जड जातं.

आणि मोठे काका. ते दर गुरुवारी खिडकीशी खुर्ची ओढून बसतात, असं त्यांच्या शुश्रूषागृहातल्या नर्सबाई सांगतात. अर्धं अंग लुळं पडल्यापासून त्यांचं बोलणं फक्त बाबांना कळतं. मी गेले की ते हसतात, बोलायला बघतात, आणि मग दमून गप्प होतात. गाडी विकली गेली की हे असंच राहणार. मी हे तुझ्यावर ढकलण्यासाठी लिहीत नाहीये. बाबा त्र्याहत्तर वर्षांचे आहेत, एक दिवस किल्ली खरंच काढून घ्यावी लागेल, आणि त्या दिवशी मीच घेईन. पण ती त्यांच्या कारणाने जावी, माझ्या नाही.

आता जे फोनवर गळलं असतं ते. मार्चमध्ये मी तुला बाबांच्या हातांच्या अकरा नोंदी पाठवल्या होत्या, तारखांसकट, आणि तू म्हणालास की एवढं लिहून ठेवल्यावर शंकाच उरत नाही. डायरीत नोंदी बारा आहेत. सोळा फेब्रुवारीला मी मैत्रिणीला सोडायला बायपासने घाईत गेले होते आणि त्या दिवशी लिहिलंय: 'आज माझ्याच हातात स्टिअरिंग थरथरलं. रस्ता उखडलेला असावा.' तुझ्यासाठी यादी उतरवताना ती ओळ माझ्यासमोर होती. मी विसरले नाही, वगळली. त्या ओळीने यादी ढिली पडेल, पुन्हा चर्चा होईल, आणि मी दर गुरुवारी बाबा परत येईपर्यंत घड्याळ बघत बसेन, असं मला वाटलं. मी पाण्याचे नमुने तपासून पोट भरते. तिथे एक नमुना वगळला तर नोकरी जाईल आणि जायलाच हवी. काल हे सगळं मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, चिडतील. त्यांनी ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "बारावी नोंद त्याला ठाऊक आहे?" नाही म्हटलं. म्हणाले, "मग तो पाच महिने माझ्याशी नजर चुकवून बोलतोय ते उगाचच. आधी त्याला कळव, किल्लीचं मग बघू." म्हणून हे पत्र. त्या दिवशी तू बोललास ते माझ्या कागदावरून बोललास, त्यात तुझं काही नव्हतं. गिऱ्हाइकाला काय सांगायचं ते तू ठरव, मी मत देणार नाही. फक्त ठरवताना बाराही समोर असू दे. त्या पानाचा फोटो पाठवणार होते, पण फोटोत मी काय कापलं असेल असा तुला संशय येईल, आणि आलाच पाहिजे, म्हणून पानच पाठवते आहे. तीस वर्षांच्या डायऱ्यांतलं मी फाडलेलं हे पहिलं पान.

तुझीच, तुझ्या फोनची वाट बघणाऱ्या बाबांच्या शेजारी बसलेली,
ताई