तीन रिंगा

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. कंबर धरली आहे, त्यामुळे साष्टांग कागदावरच घातला आहे. पोचल्याचं कळव.

तुझं पत्र मिळालं. छातीत धडधडतं, झोप येत नाही आणि तपासण्या मात्र सगळ्या उत्तम, हे वाचून ही म्हणाली की मग दुखणं आहे तरी कुठे? ते कुठे आहे हे तुला आणि मला ठाऊक आहे, पण तो विषय काढायचा नाही हा तुझा हुकूम. आई जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस की उंबऱ्याबाहेर पडत नाहीस. तेहेतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून लोकांच्या लाईनी जोडल्यास आणि सख्ख्या भावाला मात्र पोस्टाची तिकिटं चाटायला लावतेस!

नव्या डॉक्टरीणबाई देतील ते औषध मुकाट्याने घे, खुसपटं काढू नकोस. सकाळी डोळे मिटून बसतो तेव्हा मी पहिलं तुझंच मागणं मागतो. देवाला कंटाळा आला असेल, मला आलेला नाही.

लोभ आहेच. पाकिटात मावेल तेवढा पाठवला आहे.
तुझा
धाकटा

११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. साष्टांग पोचला. आता शेक कंबरेला दे, पत्राला नको.

हसणार नसशील तर सांगते. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास माझं ऐकून घेतलं, चिठ्ठी लिहिली आणि घडी घालून हातात दिली. मी सवयीने औषधाच्या दुकानात रांगेत उभी राहिले. दुकानदाराने चिठ्ठी वाचली, उलटून पाहिली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि अगदी गंभीरपणे म्हणाला की बाई, हे आमच्याकडे येत नाही, हे तलावावरच मिळतं. मागची सगळी रांग फिदीफिदी हसली. तिथेच वाचलं. आठवड्यातून दोनदा, सकाळी, तलावाकाठी पक्षी ऐकणाऱ्या मंडळींबरोबर एक तास. सहा आठवडे. खाली सही-शिक्का!

मला रागच आला. गोळी न देण्याइतकं माझं दुखणं खोटं वाटलं की काय त्यांना? तरी एकदा जाईन. खुसपटं काढते असं उद्या तू गावभर सांगशील.

लोभ वाढव, उपदेश आवर.
ताई

१६ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. कार्डावर जागा कमी. हसलो. हीसुद्धा हसली. दुकानदार देवमाणूस आहे. जा.
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. चार वेळा जाऊन आले. आम्ही नऊ जण. पुढे ग्रंथालयातली एक बाई वही घेऊन चालते. मागे जहाजावरचा एक निवृत्त आचारी असतो. तो कुजबुजला तरी पलीकडच्या काठावर ऐकू जातं, म्हणून त्याचं नाव भोंगा. सगळे दुर्बीण लावून झाडं धुंडाळतात आणि मी डोळे मिटून उभी. नुसत्या हॅलोवरून कोणाला सर्दी आहे आणि कोण भांडून आलंय हे मला कळायचं, ते कान अजून शाबूत आहेत. सुतारपक्षी म्हणजे थेट एंगेज टोन! वहीवाली बाई आता मला विचारून लिहिते. भोंगा मला ऑपरेटर म्हणतो.

हे सगळं लिहिलं, कारण पुढचं लिहवत नाही.

काल वेताच्या बेटातून एक पक्षी वाजला. हो, वाजलाच. तीन रिंगा, आणि बंद. कोणीच उत्तर दिलं नाही. कोणाला न सांगता घरी आले.

त्या दिवशी फोन असाच वाजला होता. मला निवृत्त होऊन चार दिवस झाले होते. पाय वर घेऊन बसले होते. म्हटलं, आता जगाने आपापल्या लाईनी जोडाव्यात. तीन रिंगा मोजल्या आणि उठले नाही. संध्याकाळी तू दारात उभा होतास, आणि तो फोन आईचा होता एवढंच मला कळलं.

मी पुन्हा जाणार नाही. औषध लागू पडलं नाही असं डॉक्टरीणबाईंना सांगेन.
लोभ असेल तर यावर काही लिहू नकोस.
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि. हुकूम मोडतो आहे, क्षमा कर.

आई त्या दुपारी माझ्या बाइंडिंगच्या टेबलापाशी बसली होती. मी एक रजिस्टर शिवत होतो. भिंतीवर मोठ्या आकड्यांत लावलेला तुझा नंबर बघून तिने स्वतः फोन लावला. तीन रिंगा ऐकल्या आणि स्वतःच ठेवला. मी म्हटलं, वाजू दे की अजून. ती हसली. म्हणाली, की झोपली असेल माझी पोर. तेहेतीस वर्षं दुसऱ्यांच्या घंटांनी उठली, एक घंटा तरी तिच्या आईने बंद करावी. काही निरोप आहे का, विचारलं, तर म्हणाली, निरोप कसला, आवाज ऐकावासा वाटला. मग पुठ्ठ्याची खळ वाळली का ते बोटाने बघून खुर्चीतच पडून राहिली. त्याच झोपेत गेली.

ताई, फोन तू चुकवला नाहीस. तिने तो आवरला, तुझ्यासाठी. हे मी दारातच सांगायला हवं होतं. तू कानांवर हात ठेवलेस आणि मी लहानपणासारखं तुझं ऐकलं. एखादं पान उलटं शिवलं गेलं तर सगळी शिवण उसवावी लागते, हे माझ्या धंद्यात मला कळतं. तुझ्याबाबतीत धीर व्हायला दीड वर्ष लागलं.

औषध अर्धं टाकू नकोस. हिचा नमस्कार.
लोभ तुटणार नाही, रागाव हवी तेवढी.
धाकटा

१८ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ. पत्र वाचलं, फडताळात ठेवलं, काढून पुन्हा वाचलं. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी नऊ तास झोपले. रागावण्याचं नंतर बघू.

काल तलावावर गेले. कुठे होतात असं कोणी विचारलं नाही. भोंगा तासभर एक अक्षर बोलला नाही. वहीवाल्या बाईने ही दुर्मीळ नोंद म्हणून वहीत लिहून घेतलं. वेताशी थांबलो. तो वाजला. तीन रिंगा, आणि बंद. या वेळी मी थांबून राहिले. बऱ्याच वेळाने पलीकडच्या काठावरून दुसऱ्याने उत्तर दिलं. बाई म्हणाली की तो रोजच असा गप्प होतो, ऐकण्यासाठी. मागच्या वेळी मीच लवकर निघाले होते.

मंडळींत फोन बंद ठेवायचा नियम आहे. ऑपरेटरला एका फोनची सूट मिळाली आहे. रविवारी सकाळी आठला तुझा फोन वाजेल. उचललास की लगेच हॅलो म्हणू नकोस, आधी ऐक. आणि घाई करू नकोस. हात खळीने भरले असतील तर नीट धुऊन, पुसून ये.

कितीही वाजला तरी मी ठेवणार नाही.

लोभाचं रविवारी बोलू.
ताई